मुकादमचा डोस

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

आजपासून रोजनिशी. कारण मुकादमच्या आजारपणाची सूत्रं मी हातात घेतली आहेत.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. वय नऊ, वजन साडेपंधरा किलो, रंग तांबूस, एक कान कायम अर्धा दुमडलेला. नाव लेकीने ठेवलं. हा पिल्लू असताना ती केर काढायला लागली की मागे मागे फिरून कोपरे तपासायचा. तीन वर्षांपूर्वी लेक नोकरीसाठी गेली, दोन विमानं बदलावी लागतात एवढ्या लांब. कुत्रा आमच्याकडे राहिला. तात्पुरता, असं तेव्हा ठरलं होतं.

आजार असा, की त्याचं शरीर स्वतःच्याच रक्ताला शत्रू समजून मारतंय. जानेवारीत एकदम लोळागोळा झाला, हिरड्या पांढऱ्याफटक. तेव्हापासून स्टेरॉईड चालू. रोज तीन गोळ्या, सकाळी दोन आणि संध्याकाळी एक, खाण्यातून. जीव वाचला, मान्य. पण साइड इफेक्ट्स! त्यांचा बंदोबस्त मी करणार. एकतीस वर्षं कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये काढली आहेत. निरीक्षण आणि अनुमान माझ्या रक्तात आहे.

ही म्हणाली, अहो, तुम्ही तिथे बाटल्या धूत होतात.

बायकोला उत्तर द्यायचं नाही, हा जुना संकल्प आहे. पाळला.

३ फेब्रुवारी

निरीक्षण: पाणी दिवसाला पाच भांडी, पूर्वी दीड. लघवी हॉलमध्ये दोनदा, दाराशी एकदा, माझ्या चपलेवर एकदा. भूक राक्षसी. हिच्या शिलाई मशीनखाली पडलेला खडू खाल्ला, निळा. बसल्या बसल्या धापा. पोट ढोलासारखं.

अनुमान: फक्त शिस्त हवी.

दर तीन तासांनी खाली नेणार. मोबाइलवर सहा अलार्म लावले.

४ फेब्रुवारी

पहिला अलार्म वाजला तेव्हा मी आंघोळीत. दुसरा कुणी बंद केला माहीत नाही. (मीच, असं ही म्हणते.) तिसऱ्याला वेळेवर निघालो, पण मुकादमने जिन्यातच उरकलं, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या पायपुसण्यावर. अलार्मची कल्पना चांगली आहे. मजले जास्त आहेत.

घरी आलो तर हिने हॉल पुसून जुनी चादर चार घड्या करून टाकली होती. मला न विचारता.

७ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रक्ताचा, म्हणजे तांबड्या पेशींचा, आकडा जानेवारीत पंधरा होता, तो आता एकतीस. सदतीसच्या वर गेला की नॉर्मल. त्या खूश. मी साइड इफेक्ट्सची यादी वाचून दाखवली, सव्वा पान. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

मग म्हणाल्या, पाणी कधीच तोडायचं नाही, भांडं भरलेलंच ठेवा. बाहेर जास्त वेळा न्या. खाणं तेवढंच द्या, पण चार वेळा विभागून. रिकाम्या पोटी गोळी नको. शी काळी झाली किंवा उलटी झाली तर लगेच फोन. हिरड्या रोज बघा. आणि गोळी स्वतःहून कमी करायची नाही, बंद तर नाहीच नाही. "कमी मी करीन, सर. रक्त बघून, थोडी थोडी. चार-सहा महिने लागतील. पोट-बिट तेव्हा आपोआप उतरतं."

नोंद: या बाई अकरावी-बारावीला माझ्या लॅबमध्ये होत्या. दोन ब्युरेट फोडल्या. हात थरथरायचे. सगळं कॉलेज मला 'लॅबवाले काका' म्हणायचं, 'सर' म्हणणारी ही एकटीच. म्हणून तेव्हा रजिस्टरमध्ये मी 'काचेला आपोआप तडा' असं लिहून टाकलं होतं. ते ठीक. पण आता डोस म्हणजे काय, हे मी तिच्याकडून शिकायचं?

हिने फ्रिजवर तक्ता चिकटवला. तारीख, सकाळ, संध्याकाळ. गोळी दिली की मी बरोबरची खूण करायची.

९ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. आठ मार्चला येते आहे! दोन आठवड्यांची रजा मिळाली. तीन वर्षांत पहिल्यांदा. ही तर भिंतीला धरून खालीच बसली. मी स्वतःला सावरलं. (चष्मा पुसत होतो, एवढंच.)

मुकादमला दाखवा म्हणाली. फोन असा धरला की नुसतं तोंड दिसेल. आजाराचं तिला माहीत आहे, पोटाचं नाही. बाबा, धापा का टाकतोय तो? म्हटलं, आत्ताच धावून आला. तो चादरीवरून उठलासुद्धा नव्हता.

१० फेब्रुवारी

जिन्यात वरच्या मजल्यावरचे विमेवाले भेटले. मुकादमकडे बघून म्हणाले, काय हो, कितवा महिना? मी म्हटलं, नर आहे तो. मग गोळ्यांचं ऐकून एकदम गंभीर. स्टेरॉईड? अहो, विष ते! आमच्या मेव्हण्याचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. मेव्हणे आता कसे आहेत, असं मी विचारलं. म्हणाले, ठणठणीत. तरीही मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

संध्याकाळी मुकादमला नीट बघितलं. पाठीवरचे केस विरळ. मागचे पाय काठ्यांसारखे. पूर्वी लेक ऑफिसमधून यायची तेव्हा रस्त्याच्या वळणावरच याला कळायचं. दारापासून सोफा, सोफ्यापासून दार, मध्ये टेबलावरचं जे पडेल ते पडेल. आता आठ मार्चला ती दार उघडणार आणि समोर हे फुगलेलं, धापा टाकणारं जनावर. ती मला काही बोलणार नाही. ती कधीच बोलत नाही. नुसती बघेल.

१२ फेब्रुवारी

पूर्ण विचार केला आहे. आकडा एकतीस म्हणजे औषधाचं काम झालं. उरतात ते निव्वळ साइड इफेक्ट्स. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पुस्तकात बघून चालतात. चार-सहा महिने म्हणजे लेक येऊन परत गेलेली असेल. उद्यापासून संध्याकाळची गोळी बंद. शास्त्रीय पद्धतीने, टप्प्याटप्प्याने.

हिला सांगितलं नाही. उगाच घाबरते. तक्त्यावर मात्र दोन्हीकडे खूण करीन, नाहीतर प्रश्न येतात.

१६ फेब्रुवारी

निरीक्षण: पाणी साडेतीन भांडी. हॉल दिवसभर कोरडा. चपला कोरड्या.

अनुमान: मी बरोबर.

ही म्हणाली, लागू पडलं बाई औषध. मी नुसता हसलो.

१८ फेब्रुवारी

आजपासून दिवसाला एकच गोळी. पोट उतरायला लागलंय. विमेवाले म्हणाले, बारीक झाला हो तुमचा मुकादम. मी म्हटलं, मॅनेजमेंट.

२१ फेब्रुवारी

आज रक्ततपासणीची तारीख होती. दवाखान्यात फोन करून पाहुणे आलेत असं सांगितलं. सुई टोचली की त्याला टेन्शन येतं, मग आकडा चुकतो. दहा मार्चची वेळ घेतली. लेकही असेल. सगळे मिळून जाऊ. आकडा चाळीस येईल, डॉक्टरीणबाई चकित होतील, मग मी सावकाश सगळं समजावून सांगीन. जमल्यास या नोंदीच वाचून दाखवीन.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज लेकीला मुकादम पूर्ण दाखवला. बाजूने, मागून, पोटाखालून. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "किती छान दिसतोय, बाबा. मी इथे किती घाबरले होते. तुम्ही खरंच खूप केलंत." आणि रडायला लागली. मला कुठे बघावं कळेना. पंख्याकडे बघितलं.

आमच्या घरी मला कुणी असं म्हटल्याचं आठवत नाही.

उद्यापासून अर्धी.

२६ फेब्रुवारी

मुकादम शांत झालाय. आज कुरिअरवाला येऊन गेला, हा उठला नाही. पूर्वी त्याला जिनाभर पळवायचा. शिस्त आली. वाटीत खाणं उरतंय, म्हणजे भूकही ताब्यात. दिवसभर झोप. गाढ झोप म्हणजे समाधान. धापा मात्र परत थोड्या आहेत. हवेमुळे असतील.

२८ फेब्रुवारी

ही म्हणाली, अहो, त्याच्या हिरड्या बघितल्यात का? मला पांढऱ्या वाटतात. म्हटलं, ट्यूबलाइटमध्ये सगळंच पांढरं दिसतं. ती म्हणाली, मग बाल्कनीत नेऊन बघा. म्हटलं, आता त्याची झोप मोडू नकोस.

दुपारी ट्यूब बदलली. नवीन ट्यूबचा उजेड जास्तच पांढरा आहे.

१ मार्च

खाली नेलं. परत येताना पहिल्या मजल्यावर बसला. ओढून बघितलं, बिस्किट दाखवलं. माझ्याकडे बघत राहिला. शेवटी उचलून वर आणला. वजन बरंच उतरलंय.

रविवार उद्या. आठ दिवसांच्या आत लेक.

२ मार्च, रविवार

लघवी चहाच्या रंगाची. पाणी कमी पितो म्हणून घट्ट होत असेल.

केवळ खबरदारी म्हणून आज परत तीन गोळ्या एकदम दिल्या. हिचं लक्ष नसताना. याला माघार म्हणत नाहीत, प्रयोगात दुरुस्ती करावी लागते. वीस मिनिटांत उलटून पडल्या. उलटीतून बोटांनी वेचून काढल्या, तीनही. जवळजवळ अख्ख्या. परत द्याव्यात का, असा विचार केला. त्याने तोंडच उघडलं नाही.

लेकीचा फोन आला तेव्हा मुकादम झोपलाय म्हणून सांगितलं. हे खरं होतं.

३ मार्च, संध्याकाळ

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात पडला. उठायचा प्रयत्न केला, पाय चारी दिशांना गेले. चादरीत घालून आम्ही दोघांनी खाली आणला. गाडीत त्याचं डोकं हिच्या मांडीवर होतं आणि ही सारखी म्हणत होती, आलं हं, आलं, आलं.

आकडा अकरा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सर, गोळ्या रोज पूर्ण चालू होत्या ना?" मी काही बोलायच्या आत हिने पर्समधून तक्ता काढला. फ्रिजवरून काढून घेऊन आली होती. सगळ्या खुणा एका रांगेत. डॉक्टरीणबाईंनी तक्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

मी हो म्हटलं.

त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, पूर्ण डोस चालू असताना आजार उलटला म्हणजे ही गोळी याला पुरत नाही. दुसरं, जास्त कडक औषध सुरू करावं लागेल. पोटाला जड जातं, रक्ताच्या बाकीच्या पेशींवरही येतं. पण इलाज नाही. संमतीच्या कागदावर सही करा.

सही केली. अक्षर चांगलं आलं.

४ मार्च

मुकादम तिथेच आहे. दुसऱ्या एका कुत्र्याचं रक्त चढवलं. काळं, मोठं, कुणाचं तरी लाडकं कुत्रं. त्याचा मालक बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसला होता. म्हणाला, काळजी करू नका, आमच्याकडे रक्त भरपूर आहे. मी आभार मानले.

आकडा चौदा. संध्याकाळी बारा. नव्या औषधाने दोनदा उलटी, दुसऱ्या वेळी रक्त.

संकल्प: त्याला थोडं बरं वाटलं की डॉक्टरीणबाईंना सगळं सांगणार. आत्ता सांगून उपयोग काय? जे झालं ते झालं. शिवाय त्या कामात असतात. शिवाय हिच्यासमोर नको. शिवाय

५ मार्च, सकाळी ९

साडेसहालाच गेलो, चालत. दवाखान्याचं शटर अर्धं वर होतं. वाकून आत शिरलो. डॉक्टरीणबाई तिथेच होत्या, कालच्याच कपड्यांत, हातात ओला टॉवेल. मुकादमखालची चादर बदलत होत्या.

मी सांगितलं. सगळं. आधी संध्याकाळची, मग एकच, मग अर्धी. तक्ता खोटा.

त्यांनी विचारलं, कधीपासून?

तेरा तारखेपासून.

त्यांनी टॉवेल खाली ठेवला. खिशातून पेन काढून मुकादमच्या केसपेपरवर तारखा लिहिल्या. तेरा, अठरा, चोवीस. मी 'आपोआप' वगैरे काही म्हणालो नाही. मग त्यांनी कडक औषध थांबवलं, जुनंच पूर्ण डोसमध्ये, सुईतून, परत चालू केलं. सगळं करून झाल्यावर म्हणाल्या, "परवा सांगायला हवं होतं, सर."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. 'सर' नको होतं.

घरी येऊन हिला सांगितलं. ती मशीनवर बसली होती. पाय थांबला. म्हणाली, मी विचारलं होतं तुम्हाला. हिरड्यांचं. मग काही वेळाने पाय परत चालू झाला. मशीनमध्ये कापड नव्हतं.

६ मार्च

सकाळी आकडा तेरा. किंचित वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू या. मी लगेच मनात आठ तारखेचा हिशोब मांडला. सवय.

साडेतीनला त्यांनी आत बोलावलं. श्वास लागला होता. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असणार म्हणाल्या, या आजारात होतं तसं. मी त्याच्या जबड्याखाली हात धरला. हिने दुमडलेला कान सरळ केला, तो परत दुमडला. त्याने मला ओळखलं का? शेपटी एकदा हलली. ती श्वासामुळेही हलली असेल. मी नक्की सांगू शकत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी संपलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सर, पूर्ण डोस चालू असूनही काही कुत्री जातात. कुणीच खात्री देऊ शकत नाही. घरी आल्यावर हे वाक्य मी इथे दोनदा लिहिलं. मग दोन्ही खोडली. खरं असेलही ते. त्याच्या बाबतीत खरं होतं का, हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते न कळण्याची व्यवस्था मी केली.

लेकीला फोन हिने केला. गेला, एवढंच सांगितलं. बाकी तुम्ही सांगायचं, म्हणाली.

८ मार्च

लेक आली. बारीक झालीय. केस कापलेत. दार मी उघडलं. ती आत आली आणि सवयीने एक पाऊल मागे घेऊन उभी राहिली, अंगावर कुणी उडी मारणार असल्यासारखी. कुणी मारली नाही. मग माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, तुम्ही इतकं केलंत. तुम्ही नसतात तर तो जानेवारीतच गेला असता.

ही तिची बॅग धरून मागे उभी होती. माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, तू दमली असशील. आधी आंघोळ कर.

प्रवासाचा शीण आहे तिला. उद्या सांगतो.

९ मार्च, दुपार

सकाळी ही भाजी आणायला गेली. मुद्दाम गेली, पिशवीसुद्धा विसरली. लेक हॉलमध्ये जमिनीवर बसून कॉफी पीत होती. मी समोर खुर्चीत बसलो. मग उठून खाली बसलो. गुडघे दुखतात, पण बसलो.

सांगितलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं त्याच क्रमाने. ती ऐकत होती. कॉफीचा मग दोन्ही हातांत धरलेला, पिणं थांबलं होतं.

"पण का, बाबा?"

म्हटलं, तू येशील तेव्हा तो चांगला दिसावा म्हणून.

तिला आधी कळलंच नाही. चांगला म्हणजे? मी पोटाचं सांगितलं, केसांचं, धापांचं, चपलेचं. फोन कसा धरायचो ते सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं तशी नव्हे. मी जणू कुणीतरी परका तिला पत्ता विचारायला आलोय आणि तिला भाषा कळत नाहीये, तशी.

"मी बसले असते ना त्याच्याजवळ," ती म्हणाली. "पुसलं असतं मी. दोन आठवडे तेच करायला येत होते."

बोलण्यासारखी वाक्यं होती, चार-पाच. आकडा एकतीस होता, विमेवाले असं म्हणाले, काही कुत्री तशीही जातात. एकही बाहेर काढलं नाही.

खालून कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. मग तिने मग जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "त्याला त्रास झाला का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं.

हो म्हणालो. शेवटचा आठवडा खूप झाला.